फिल्टर हाउसिंग: धातू, गॅस्केट आणि दाबाचा हिशेब

फिल्टर हाउसिंग, म्हणजे गाळणारा भाग ज्यात बसतो ते बंद भांडं, हेही दाबपात्रच (आत दाब झेलणारं भांडं). इतर दाबपात्रांपेक्षा त्याचा एक वेगळेपणा मात्र विसरून चालत नाही: ते वारंवार उघडलं जातं. म्हणून शेलच्या (भांड्याच्या भिंतीच्या) जाडीइतकंच लक्ष झाकण, बोल्ट आणि गॅस्केटकडे (जोडातल्या सीलकडे) द्या. त्रास बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

आधी सगळ्यात वाईट दिवस कागदावर मांडा. पुढचा व्हॉल्व बंद असताना पंप किती दाब देतो? सफाईला कॉस्टिक सोडा वापरणार की आम्ल, किती गरम? वाफ देणार का? वाफ थंड झाली की आत व्हॅक्यूम होतो, आणि आतला दाब आरामात पेलणारं पातळ हाउसिंग बाहेरच्या हवेनं चेपतं. वाफ लागणार असेल तर पूर्ण व्हॅक्यूमलाही टिकणारं डिझाइन मागा.

धातू निवडताना पहिला प्रश्न क्लोराइडचा. साध्या तापमानाच्या उदासीन पाण्यात ३०४ स्टेनलेस साधारण २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) क्लोराइडपर्यंत आणि ३१६ साधारण १००० पीपीएमपर्यंत चालतं, असा ढोबळ नियम आहे. तो वापरताना हात आखडताच ठेवा, कारण फिल्टरमध्ये गॅस्केटखाली, कार्ट्रिजच्या (बदलता येणाऱ्या नळीसारख्या फिल्टरच्या) बैठकीत आणि साचलेल्या गाळाखाली पाणी अडून राहतं. त्या फटींत क्लोराइड वाढत जातं आणि पृष्ठभाग चकचकीत दिसत असतानाच आत खड्डे पडतात. तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर गेलं तर ताण असलेल्या जागी, म्हणजे वेल्डजवळ, तडे जाण्याचा धोका येतो. अशा ठिकाणी डुप्लेक्स २२०५ या स्टेनलेसचा विचार करा. हायड्रोक्लोरिक आम्लाला नेहमीचं कोणतंही स्टेनलेस चालत नाही. रबर अस्तराचं कार्बन स्टील किंवा पीव्हीडीएफ हे प्लास्टिक घ्या. टायटॅनियम ओल्या क्लोरीनला उत्तम, पण कोरड्या क्लोरीनमध्ये ते पेट घेतं. महाग म्हणजे सुरक्षित असं इथे नसतं.

वेल्ड होणाऱ्या भागांसाठी ‘एल’ ग्रेडच (३०४एल, ३१६एल) घ्या. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच असतो, त्यामुळे वेल्डच्या कडेनं क्रोमियम कार्बाइड होऊन गंज लागण्याची शक्यता घटते. प्लेटचं ३.१ प्रमाणपत्र (उत्पादकाचा तपासणी दाखला) मागा आणि त्यावरचा हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) प्लेटवर कोरलेल्या नंबराशी जुळवून पाहा.

धातू बरोबर आणि रबर चुकीचं, ही नेहमीची चूक. ईपीडीएम रबर गरम पाणी आणि वाफेला चांगलं, पण खनिज तेलात ते फुगतं. एफकेएम रबर तेलाला आणि २०० अंशांपर्यंत चालतं, मात्र एसीटोनसारखे कीटोन आणि अमाइन त्याला खातात. पीटीएफई (टेफ्लॉन) जवळपास सगळं सोसतं, फक्त दाबाखाली ते हळूहळू पसरतं. त्यामुळे एकदा गरम होऊन थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्कला आणावे लागतात, तेही दाब पूर्ण काढून. एलिमेंटचंही (गाळणाऱ्या भागाचंही) तसंच. पॉलिप्रॉपिलीन कार्ट्रिजला सोसणारा दाबातला फरक तापमानाबरोबर झपाट्यानं कमी होतो, म्हणून २० अंशांचा आकडा ८० अंशांना लावू नका. पॉलिएस्टरची बॅग गरम अल्कलीत विरते.

आता दाब. एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या नियमावलीतलं सेक्शन ८ डिव्हिजन १ साधारण १५ पीएसआयच्या वरच्या पात्रांना लागू होतं. ६ इंच किंवा त्याहून कमी आतील व्यासाची पात्रं त्याच्या कक्षेबाहेर आहेत. युरोपचा २०१४/६८/ईयू हा निर्देश ०.५ बारच्या वर सुरू होतो आणि दाब, आकारमान व आतल्या द्रव-वायूचा धोका पाहून वर्ग ठरवतो. आपल्याकडे कोणता नियम लागू आहे ते ऑर्डरच्या आधी ठरवा. तयार हाउसिंगला मागाहून त्या नियमाचा शिक्का मिळवणं जवळजवळ अशक्य असतं.

जाडीचं सूत्र एएसएमईमध्ये असं आहे: दाब गुणिले त्रिज्या, भागिले (परवानगी असलेला ताण गुणिले जोड कार्यक्षमता, वजा ०.६ पट दाब). जोड कार्यक्षमता म्हणजे मूळ प्लेटच्या तुलनेत वेल्डची धरलेली ताकद. समजा व्यास ५०० मिमी, दाब १० बार म्हणजे १ मेगापास्कल, ताण ११५ मेगापास्कल. जोड कार्यक्षमता ०.८५ धरली तर २.५७ मिमी येतात. रेडिओग्राफी (वेल्डची एक्स-रे तपासणी) टाळून ०.७ धरली तर ३.१३ मिमी. गंजासाठीची जादा जाडी आणि प्लेटची उणी सहनशीलता यावर वेगळी मिळवा.

फ्लँजवरचा (पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या कड्यावरचा) ‘क्लास १५०’ म्हणजे १५० पीएसआय नव्हे. कार्बन स्टीलचा तो फ्लँज ३८ अंशांना १९.६ बार घेतो, पण २०० अंशांना १३.८ च. ३१६एलचा ३८ अंशांना १५.९ बारच. हाउसिंगचा कमाल दाब सगळ्यात कमजोर भागावर ठरतो.

सेफ्टी व्हॉल्व एलिमेंटच्या आधी, गढूळ बाजूला लावा. स्वच्छ बाजूला लावला तर एलिमेंट तुंबल्यावर तो दाबाला भेटतच नाही. एकच व्हॉल्व असेल तर त्याचा सेट दाब कमाल दाबाहून जास्त नको, आणि मधे बंद करता येणारा व्हॉल्व बसवू नका.

हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) एएसएमईप्रमाणे कमाल दाबाच्या १.३ पट, आणि चाचणीच्या व कामाच्या तापमानांना परवानगी असलेल्या ताणांच्या गुणोत्तरानं गुणून. पाणी वापरा, हवा नको: दाबलेली हवा फुटताना स्फोटासारखी सुटते. सगळ्या उंच जागांची हवा काढा. स्टेनलेसला कमी क्लोराइडचं पाणी घ्या आणि टेस्टनंतर लगेच सुकवा.

झाकण उघडताना क्रम असा:

१. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व बंद करून कुलूप लावा.
२. ड्रेन आणि व्हेंट दोन्ही उघडा. व्हेंट गाळानं बंद असू शकतं, म्हणून प्रवाह खरंच सुटतोय हे डोळ्यांनी पाहा.
३. बोल्ट समोरासमोर थोडे थोडे सैल करा, काढू नका. झाकण गॅस्केटवरून हलल्याशिवाय शेवटचे बोल्ट हातचे जाऊ देऊ नका.

गेजचा शून्यावरचा काटा पुरावा नाही. ५०० मिमीच्या झाकणावर ०.१ बारचा दाबही सुमारे २०० किलोचा रेटा देतो, आणि १० बारच्या गेजवर ०.१ बार दिसतच नाही.