निक्सनवरील नाटकाबद्दल प्रेक्षकांची मते कशी नोंदवावीत

अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीवरील नाटकाचा प्रयोग नांदेड किंवा परभणीतील हौशी संस्थेने केला, तर अभिप्राय वहीत ‘अप्रतिम सादरीकरण’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढेच जमा होते आणि दिग्दर्शकाच्या हाती काहीच लागत नाही. उपयोगी मत हवे असेल, तर माणसाविषयीचा राग आणि नाटकाविषयीची पसंती यांची गल्लत होणार नाही, अशा बेताने प्रश्न विचारावे लागतात.

मते घेणाऱ्या कार्यकर्त्यांना आधी घटनाक्रम पाठ हवा. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेले पाच जण पकडले गेले. पुढे हे प्रकरण दडपण्यात निक्सन यांचा हात होता, हे त्यांच्याच कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफितींतून उघड झाले आणि त्या त्यांच्यावर उलटल्या. ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी पद सोडले आणि महिनाभरात नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिली. एवढे ठाऊक असले, की ‘शेवटी शिक्षा का दाखवली नाही?’ असे कोणी विचारल्यास तो लेखकाचा दोष नसून इतिहासच तसा आहे, हे नोंद करणाऱ्याच्या लक्षात येते. मात्र ते प्रेक्षकाला तिथल्या तिथे समजावू नये, कारण वाद सुरू झाला की मत संपते. ही शंका एकाहून अधिक जणांना आली, तर माफीचा प्रसंग रंगमंचावर पुरेसा ठसलेला नाही, असे समजण्यास हरकत नाही.

पहिला प्रश्न ‘नाटक कसे वाटले?’ असा कधीही नसावा. त्याचे उत्तर ‘छान’ हेच येते. त्याऐवजी ‘कोणता प्रसंग डोळ्यांपुढे राहिला?’ असे विचारावे, मग ‘कुठे धागा सुटला?’ आणि सर्वांत शेवटी ‘निक्सनबद्दल नाटकाआधी काय वाटत होते, आता काय वाटते?’ समजा, एखादे काका म्हणाले, ‘माणूस लबाडच, पण राजीनाम्याच्या वेळी जीव हळहळला बघा,’ तर ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्याचे ‘प्रेक्षकांना व्यक्तिरेखा सहानुभूतिपूर्ण वाटली’ असे शुद्धीकरण केले, की त्यातला ‘पण’ हरवतो आणि नटाचे खरे यश त्या ‘पण’मध्येच असते.

वयोगटाची नोंद अवश्य करावी, कारण आपल्या भागात याच मुद्द्यावर मते सर्वाधिक फाटतात. साठी-सत्तरी ओलांडलेल्या प्रेक्षकाला निक्सन म्हटले की वॉटरगेट नव्हे, तर डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात बंगालच्या उपसागराकडे धाडलेले अमेरिकी आरमार आठवते; त्याच्या पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडण्याची कामे, त्या कामांवर वाटला जाणारा सुकडी हा कोरडा खाऊ आणि रेशनवरची, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आठवते. नाटकात यातले काहीच नसेल, तर ‘अर्धेच दाखवले’ ही त्यांची तक्रार येणारच. ती संहितेवरील टीका म्हणून नव्हे, तर आठवणीतून आलेले मत म्हणून वेगळ्या पानावर लिहावी. आणीबाणीशी तुलनाही हमखास निघते. तीही तिथेच जावी. महाविद्यालयीन मुलांना मात्र हा सगळा काळ परकाच असतो, त्यामुळे नावांचा गोंधळ कुठे झाला, हे कळण्यासाठी त्यांच्याइतके भरवशाचे प्रेक्षक नाहीत.

मध्यंतरात मते घेऊ नयेत. प्रयोगानंतर तालुक्याहून आलेल्यांना शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून त्यांना आधी गाठावे आणि शहरातल्यांना चहापाशी. कलावंतांच्या नातेवाइकांची मते प्रेमाने ऐकून घ्यावीत. वहीत त्यांच्यापुढे खूण करावी, म्हणजे पुढील तालमीच्या वेळी दिग्दर्शकाला ती वगळून वाचता येतील.