लेसरने स्फटिकाची सममिती बदलायच्या कामात शिरताना

या विषयात येऊ पाहणारी बहुतेक मुलं आधी लेसरबद्दल विचारतात. पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक ठोका, किती फेम्टोसेकंदांची (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाचाही हजारावा भाग), ताकद किती वगैरे. लेसरवर हात बसतो, त्याची फार काळजी करू नका. गाडी अडते ती सममितीपाशी.

टंग्स्टन डायटेल्युराइडचंच बघा. हा वाइल सेमीमेटल, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉनांचे दोन ऊर्जापट्टे काही ठरावीक बिंदूंपाशी (वाइल बिंदू) एकमेकांना भिडतात असा पदार्थ. याच्या स्फटिकाला इन्व्हर्शन सममिती नाही (म्हणजे मध्यबिंदूतून प्रत्येक अणू पलीकडे उलटवला तर रचना तशीच राहत नाही), म्हणूनच त्यात वाइल बिंदू टिकतात. एकावर एक रचलेले थर एकमेकांवरून काही पिकोमीटर (मीटरचा लाख-कोटीवा भाग) सरकवले, की सममिती परत येऊ शकते आणि ते बिंदू नाहीसे होतात. २०१९ साली स्टॅनफर्ड आणि स्लॅक (अमेरिकेतली प्रवेगक प्रयोगशाळा) यांच्या गटाने टेराहर्ट्‌झ पल्स (सेकंदाला लाख कोटींच्या घरात हेलकावे असलेली) वापरून हे थर सरकवून दाखवले. हे का घडतं ते कागदावर मांडता येत नसेल, तर प्रयोगशाळेत नुसती बटणं दाबणं होईल. तेव्हा ग्रुप थिअरी, म्हणजे सममितीचं गणित, निदान पॉइंट ग्रुप (स्फटिकाच्या सममितींचा संच) आणि कॅरेक्टर टेबल (त्या संचाचा तक्ता) वाचण्यापुरती, आधी पक्की करा. कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही.

रोजचं काम म्हणजे पंप-प्रोब. पंप पल्स स्फटिकाला हलवते, मागून येणारी प्रोब पल्स काय झालं ते पाहते. दोन पल्समधला वेळ डिले स्टेजवरचे, म्हणजे सरकत्या पाटावरचे, आरसे सरकवून बदलायचा. प्रकाश एका पिकोसेकंदात (हजार फेम्टोसेकंदांत) ०.३ मिलिमीटर जातो. स्टेजवर तो जाऊन परत येतो, म्हणून स्टेज ०.१५ मिलिमीटर सरकवला की एक पिकोसेकंद मिळतो. थरांच्या त्या सरकण्याची वारंवारता साधारण ०.२४ टेराहर्ट्‌झ, म्हणजे एका हेलकाव्याला चारेक पिकोसेकंद. अणूंचा अख्खा हेलकावा स्टेजच्या जेमतेम ०.६ मिलिमीटरमध्ये मावतो! मला आजही याची गंमत वाटते.

सममिती बदलली हे ओळखायला सेकंड हार्मोनिक, म्हणजे स्फटिकातून दुप्पट वारंवारतेने बाहेर येणारा प्रकाश, मोजतात. इन्व्हर्शन सममिती असलेल्या स्फटिकाच्या अंतर्भागातून हा सिग्नल जवळपास येतच नाही. त्यामुळे सिग्नल पडला की नवखा माणूस उड्या मारतो. थांबा. नुसत्या उष्णतेनेही तो पडतो, पंपने उसळलेल्या इलेक्ट्रॉनांमुळेही पडतो. मग प्रकाशाचं ध्रुवीकरण (त्याच्या कंपनाची दिशा) फिरवून प्रत्येक कोनाला सिग्नल किती याची पूर्ण आकृती घ्यायची: ती सगळीकडून सारखी आक्रसली की तिचा आकारच बदलला? पंपची तरंगलांबी बदलून, शोषली जाणारी ऊर्जा तेवढीच ठेवून पुन्हा मोजायचं. जमलं तर इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनने (स्फटिकावरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या नक्षीवरून) अणू खरंच सरकलेत का ते पाहायचं. या शाखेतले खरे वाद इथेच होतात आणि मुलाखतीतले चांगले प्रश्नही इथलेच असतात.

सुरक्षेबद्दल एवढंच, की ८०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो, पण इजा पुरेपूर करतो. घड्याळ-अंगठी काढा, संरक्षक चष्मा त्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा घ्या आणि किरणाच्या उंचीवर डोळे नेऊ नका.

गट निवडताना मार्गदर्शकांपेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला. नमुने कोण बनवतं, अलाइनमेंट (आरसे-भिंगं जुळवून किरण नेमका बसवणं) स्वतः करू देतात का, लेसर बंद पडला तर कोण उघडतं, हे विचारा. बाहेरच्या मोठ्या केंद्रात बीमटाइमवरच (तिथलं यंत्र वापरायला मिळणाऱ्या ठरावीक वेळेवरच) सगळं अवलंबून असेल, तर मधल्या महिन्यांत विद्यार्थी काय करतात हेही विचारून घ्या. स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर चालणारा प्रयोग असलेला गट मी आधी निवडेन.