घरातले मोडी कागद स्वतः वाचायचे असतील तर

बडोद्यात आपल्या मराठी लोकांचे जुने वाडे भराभर पाडले जातायत, दांडिया बाजार, रावपुरा, सगळीकडे तेच, आणि वाडा रिकामा करताना माळ्यावरून एक तरी लाल कापडातलं गाठोडं निघतंच. आत मोडीतले कागद. कुणालाच वाचता येत नाही म्हणून ते नव्या फ्लॅटच्या लॉफ्टवर जातं नाहीतर सरळ रद्दीत, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं कारण मोडी ही काही वर्षानुवर्षं शिकायची विद्या नाहीये. भाषा आपलीच मराठी, फक्त अक्षरं वेगळी. रोज अर्धा तास दिला तर थोड्याच महिन्यांत घरचे कागद लागायला लागतात, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळलं पाहिजे.

आधी कागद सांभाळा, वाचायचं नंतर. गाठोडं सोडताना कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा, कारण पूर्वीचे लोक एका प्रकरणाचे कागद एकत्रच बांधायचे. ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, काजळीची शाई असते, पाणी लागलं की पसरते. कधी अक्षरांवर बारीक चमचमणारे कण दिसतात, ती शाई टिपायला टाकलेली वाळू आहे, खरवडू नका. सेलोटेप नाही, स्टेपलर नाही, आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही, एकदा केलं की कागद परत मोकळा होत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात ओल धरते त्यामुळे स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा, आणि तळमजल्याच्या खालच्या खणात तर नकोच, विश्वामित्री नदी ऑगस्ट २०२४ च्या पुरात कुठवर आली होती ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

मग फोटो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, फोन कागदाच्या बरोबर वर धरून. शाई फिकी असेल तर एका बाजूने तिरपा उजेड पडू द्या, बोरूचे ओरखडे उठून दिसतात. आणि मागची बाजू विसरू नका, कोरी वाटली तरी काढा कारण पत्र कुणाला आणि कधी पोचलं त्याची नोंद पुष्कळदा मागेच असते. यानंतर सगळं वाचन फोटोवरूनच करायचं, झूम करता येतं आणि मूळ कागद हाताळावा लागत नाही.

आता शिकायचं कसं. बहुतेक जण बाराखडीचा तक्ता डाउनलोड करतात, दोन दिवस पाठ करतात आणि मग कागद समोर घेतला की हादरतात, कारण कागदावर शब्द तोडलेलेच नसतात. मोडीत आधी पूर्ण ओळभर शिरोरेघ मारून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची, म्हणून शब्द कुठे संपला ते डोळ्याला दिसत नाही, पूर्णविराम वगैरे काही नाही. ऱ्हस्व दीर्घ सहसा पाळत नाहीत, म्हणजे दिन आणि दीन तुम्हाला संदर्भानेच ठरवायचं. र तर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, त्याच्यावर वेगळा वेळ द्या. माझं म्हणणं एवढंच की तक्ता वाचू नका, लिहा. शिरोरेघ मारा आणि आपलं आडनाव, गावाचं नाव, आजोबा पणजोबांची नावं मोडीत रोज गिरवा, हाताला वळण बसलं की डोळ्याला आपोआप दिसायला लागतं. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत आहे, नोटो सान्स मोडी नावाचा फॉन्ट फुकट मिळतो, त्यात टाइप करून बघायला बरं पडतं, पण फॉन्टचं अक्षर म्हणजे कारकुनाचं अक्षर नव्हे हे लक्षात ठेवा.

पहिला कागद एकोणिसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा निवडा. पेशवाईतलं पत्र बघायला कितीही भारी वाटलं तरी ते नंतर.

आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे मायना पाठ करा. जुनी पत्रं ठरलेल्या साच्यात असतात, वर श्री, मग राजमान्य राजश्री अमुक अमुक यांसी, खाली नमस्कार विनंती विशेष, मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, मग खरा मजकूर आणि शेवटी बहुत काय लिहिणे हे विनंती. म्हणजे न वाचताच तुम्हाला पहिल्या दोन ओळी माहीत आहेत! त्या ओळींतली अक्षरं ओळखून ठेवा, विनंतीतला व, राजश्रीतला ज, आणि त्याच कारकुनाची तीच अक्षरं खालच्या मजकुरात शोधा. हा कागद स्वतःच तुमचा तक्ता होतो, बाहेरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त भरवशाचा. गायकवाडांच्या दरबारचा कागद असेल तर सेनाखासखेल समशेर बहादर हा किताब सापडतो, एवढी लांब ओळखीची अक्षरमाळ म्हणजे तर लॉटरीच.

हिशेबाचे कागद असतील तर उभ्या रेघांकडे, म्हणजे दंडांकडे नीट बघा. आकड्यानंतर दोन दंड आले तर अर्धा, म्हणजे रुपये १२॥ हे साडेबारा, एक दंड पाव, तीन दंड पाऊण. पण तेच दोन दंड अक्षरानंतर आले तर तो शब्द तोडून लिहिलाय, मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे. बडोद्याच्या कागदांत रुपयाच्या आधी बाबाशाही लिहिलेलं असेल तर ते इथल्या टाकसाळीचं नाणं आणि कलदार असेल तर इंग्रजी रुपया, दोघांचा भाव वेगळा असायचा त्यामुळे बेरीज करताना एकात एक मिसळू नका.

तारखेवर लोक फार अडतात. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चच्या सुमाराचा कागद असेल तर ७९. गुजरातेतला कागद म्हणून संवतही निघेल, इथला संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यातून ५६ वजा करायचे आणि दिवाळी ते डिसेंबरअखेर असेल तर ५७. खरी गंमत सुहूर सनाची, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या सनाची, तो अरबी शब्दांत आणि एककापासून उलटा लिहितात. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००, कारण हे वर्ष जूनच्या सुरुवातीला मृग लागला की बदलतं. म्हणजे जून १७६० ते जून १७६१, पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं ते याच सनात. सलास म्हणजे तीन आणि सलासीन म्हणजे तीस, अर्बा चार आणि अर्बैन चाळीस, शेवटचं अक्षर नीट वाचलं नाही तर कागद कितीतरी वर्षं इकडचा तिकडे होतो. पुढे छ आणि आकडा असेल तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख.

गावांच्या नावांत आपण इथले लोक पुण्याच्या जाणकारांपेक्षा पुढे आहोत. सिनोर, डभोई, पादरा, पेटलाद, कडी ही नावं आपल्या कानात आहेत, तिकडचा माणूस घाईत सिनोरचं सिन्नर वाचून टाकेल. म्हणून आधी घराण्याचा ज्या ज्या गावांशी संबंध होता त्यांची यादी वडीलधाऱ्यांना विचारून करा, गुजराती नावांसकट.

लिहून काढताना मूळ कागदाची एक ओळ म्हणजे तुमचीही एक ओळ, लागलं नाही तिथे टिंबं, अंदाज असेल तर चौकटी कंस, आणि शुद्धलेखन सुधारायचं नाही. अडलं की पुढे जा, आठवडाभराने परत या, खालच्या ओळीत तोच शब्द स्वच्छ लिहिलेला सापडतो. आमच्या आजीच्या माहेरच्या जमाखर्चात एक शब्द असाच अडला होता, पुढच्या पानावर तो तेल आणि वाती यांच्या मध्ये आला आणि समई आहे हे कळलं.

मदत लागली तर घरातल्या किंवा ओळखीतल्या नव्वदीच्या माणसांना आधी विचारा, त्यांच्यातल्या काहींनी शाळेत मोडी गिरवलेली असते. सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या सेंट्रल लायब्ररीत मराठी विभागात मोडीची जुनी पुस्तकं मिळतायत का ते बघा, आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून या कागदांचंच काम करतंय. जमीन, वारसा किंवा जातीच्या दाखल्यासाठी कागद लागणार असेल तर मात्र स्वतःच्या वाचनावर थांबू नका, तिथे अधिकृत जाणकाराचं सही-शिक्क्याचं लिप्यंतर लागतं, आणि त्यांना देताना मूळ कागद न देता आधी फोटो द्या, मूळ दाखवायचं झालं तर स्वतः बरोबर जा.