बर्फातला डोंगर चढायचाय? स्की बघून घ्या

कापसाची वेचणी आटोपून फेब्रुवारीत गुलमर्गला निघणार असाल, तर स्की विकत घेऊ नका, तिथेच भाड्याने घ्या. पण दुकानात नुसतं "स्की द्या" म्हटलं, तर बहुतेक वेळा उतारावरची साधी जोडी हातात पडते. तिच्यात टाच कायम अडकलेली असते. लिफ्टने वर जाऊन खाली यायला ती ठीक, पायी डोंगर चढायला अजिबात नाही. टूरिंगचीच मागा: चढताना टाच मोकळी, उतरताना पक्की.

स्कीची बुटाखालची रुंदी ८५ ते ९५ मिलिमीटर पुरे. भुसभुशीत ताज्या बर्फात १०० च्या वरची जास्त तरंगते, पण ते वजन पावलोपावली ओढावं लागतं. आपले पाय वऱ्हाडातल्या सपाट रानाला सरावलेले, म्हणून मी तर हलकीच घ्या म्हणेन.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा भाग, पिनचं (बुटाचं टोक दोन पिनांनी धरणारं) असेल, तर बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूचे बारीक खळगे आहेत का, बोट फिरवून बघा. नसतील तर तो बूट त्यात बसणारच नाही. चढासाठी स्कीच्या तळाला चिकटवायच्या, मागे घसरू न देणाऱ्या 'स्किन' नावाच्या पट्ट्या त्याच जोडीच्या मापाच्या हव्यात. स्कीची दोन्हीकडची धातूची कड उघडी राहिली पाहिजे, नाहीतर कडक बर्फावर आडवं चालताना पकड सुटते.