सायकलने जा, वाफेचं इंजिन चालवा

दोन्ही एकाच दिवशी करायचं तर सायकल सकाळी, आणि बेताची. पाय थकवून मी फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनातल्या चालकाच्या जागेवर, चढत नाही. तिथं बराच वेळ उभं राहावं लागतं. रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरची वाट मिळाली तर उत्तम, चढ सौम्य असतात. कपडे मात्र बदला: सायकलची नायलॉन जर्सी ठिणगीनं वितळते. सुती कपडे, चामडी हातमोजे, जाड बूट.

आता खरी मजा. सुटण्याआधी सिलिंडरचे ड्रेन कॉक, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या तोट्या, उघडे हवेत. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, आणि दट्ट्या त्यावर आपटला तर सिलिंडरचं झाकणही फुटू शकतं. रिव्हर्सर (दिशा आणि सिलिंडरमध्ये दर फेरीला किती वाफ जाईल ते ठरवणारा दांडा) पूर्ण पुढे, शिट्टी, ब्रेक सोडा, रेग्युलेटर (बॉयलरमधली वाफ सिलिंडरकडे सोडणारा दांडा) हळूच उघडा. इंजिन क्षणभर ढिम्म राहील. राहू द्या! घाईनं आणखी ओढलंत तर चाकं जागच्या जागी गरगरतील. तसं झालंच तर रेग्युलेटर लगेच बंद. वेग आला की ड्रेन कॉक मिटा आणि रिव्हर्सर हळूहळू मध्याकडे आणा. वाफ वाचते, पर्यायानं कोळसा आणि तो भट्टीत टाकणाऱ्या फायरमनची पाठही. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर वारंवार नजर टाका. ब्रेक तुम्हाला वाटतं त्याच्या बराच आधी लावा.