बाळंतिणीच्या समजुती : काय ठेवायचं, काय सोडायचं

नाशिकच्या थंडीत बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी येतेच. शेक द्या, पण बंद खोलीत कोळसे नकोत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आई-बाळ झोपेतच दगावू शकतात. त्याऐवजी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरा, बाळापासून लांब.

“पाणी कमी पी, पोट सुटेल” हे आजी मायेनंच सांगतात. पोट दिसतं ते मुख्यतः वाढलेल्या गर्भाशयामुळे. ते पूर्ववत व्हायला सुमारे 6 आठवडे लागतात. पाणी तोडलं तर बद्धकोष्ठ मात्र होतं. दर वेळी पाजताना पेलाभर पाणी जवळ ठेवा.

चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, टाकू नका; जन्मानंतर पहिल्या तासातच पाजा. हळिवाचे लाडू उत्तम. द्राक्षं ‘थंड’ म्हणून तोडू नका, नीट धुऊन द्या.

लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस. चहा किंवा कॅल्शियमसोबत घेतली तर लोह कमी शोषलं जातं; दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळसर झालं तरी गोळी थांबवू नका.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाला “घाण जातेय, जाऊ दे” म्हणणं. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं तर वाट न पाहता 108 ला फोन करा.