व्हायोलिन येतं आणि स्कॉटिश फिडल शिकायचंय? माझा अनुभव

स्कॉटलंडला शिकायला किंवा नोकरीला आलेले आपले लोक मला अधूनमधून विचारतात की लहानपणी व्हायोलिन शिकलोय, इथलं फिडल जमेल का, कुठून सुरू करायचं. तर आधी हे सांगते की फिडल म्हणजे वेगळं वाद्य नाही, तेच तुमचं चार तारांचं व्हायोलिन, फक्त वाजवायची रीत वेगळी. मी पुण्यात हिंदुस्थानी व्हायोलिन शिकले, नोकरीमुळे एडिनबराला आले आणि इथे संध्याकाळच्या क्लासला जायला लागले, आणि आता हे संगीत माझ्या रोजच्या जगण्याचा भाग झालंय. बहुतेक ठिकाणी तुम्हाला बो (म्हणजे गज) कसा धरायचा, कुठलं पुस्तक घ्यायचं हे सांगतील, पण मला वाटतं नवीन माणसाने आधी हे समजून घ्यावं की या सुरांनी इथल्या लोकांच्या डोळ्यात पाणी का येतं, कारण ते कळल्याशिवाय बाकी सगळी मेहनत कोरडीच राहते.

सुरुवात नील गाऊ या जुन्या फिडलरपासून करा. हा माणूस १७२७ ते १८०७, पर्थशरमधल्या डन्केल्डजवळ इन्व्हर नावाच्या गावात राहायचा, वडील विणकर, स्वतःही आधी तेच काम शिकलेला, आणि पुढे अ‍ॅथॉलच्या ड्यूकचा आश्रय मिळाला. एडिनबरातल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत हेन्री रेबर्नने काढलेलं त्याचं चित्र आहे, खुर्चीवर बसलाय, टार्टनची गुडघ्यापर्यंतची विजार, हातात फिडल. ते चित्र जाऊन बघाच, तिकीटही नाही. १८०५ मधे त्याची दुसरी बायको मार्गारेट गेली. तेव्हा तो अठ्ठ्याहत्तरच्या आसपास होता, तीस वर्षांहून जास्त संसार झालेला, आणि त्याने तिच्यासाठी एक विलापाची धून केली, तिला लॅमेंट म्हणतात. दोनशे वर्षं होऊन गेली तरी ही धून आजही लोक शोकसभेत वाजवतात.

आता गंमत बघा, ही धून डी मेजरमधे आहे. म्हणजे आपल्या कानाने ऐकलं तर सगळे शुद्ध स्वर. आपल्याला सवय अशी की दुःख म्हटलं की कोमल गंधार, कोमल धैवत, तोडी नाहीतर भैरवी, आणि इथे एक म्हातारा बायको गेल्याचं दुःख शुद्ध स्वरांत सांगतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते दुःखी वाटलंच नाही, छान संथ चाल वाटली, पण चार-पाच वेळा ऐकल्यावर काहीतरी आतून हललं आणि मग ती डोक्यातून जाईना. त्यात रडारड नाही. सूर वर चढतो, थोडा थांबतो आणि शांतपणे खाली येतो, बस. तीस वर्षं चांगली गेली, आता ती नाही, एवढंच म्हटल्यासारखं. मला वाटतं या संगीताची सगळी ताकद इथेच आहे, ते दुःख ओतत नाही, धरून ठेवतं आणि ऐकणाऱ्याला स्वतःचं माणूस आठवायला जागा देतं.

हा एकच नमुना असता तर योगायोग म्हटलं असतं. पण बघा ना, जेम्स स्कॉट स्किनर म्हणून नंतरचा मोठा फिडलर, १८४३ चा जन्म, बँकरी गावचा, त्याला स्ट्रॅथस्पे किंग म्हणायचे (स्ट्रॅथस्पे हा इथला एक नाचाचा प्रकार), त्याने १९०३ मधे हेक्टर द हीरो ही धून केली. हेक्टर मॅकडोनाल्ड हा हायलंडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, एका छोट्या शेतकऱ्याचा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती झाला, अफगाण युद्धात लढला आणि मेजर जनरलपर्यंत पोचला, शेवटी सिलोनमधल्या सैन्याचा प्रमुख होता आणि तिथे त्याच्यावर आरोप झाले, पॅरिसच्या एका हॉटेलात त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. स्किनर त्याला ओळखायचा. एवढी भयंकर गोष्ट आणि धून परत मेजरमधे, तीनच्या मात्रेत, ताठ मानेने चालणारी. मित्राची बदनामी झाली त्यावर त्याला सन्मानाने निरोप द्यायचा असं ठरवून केल्यासारखी वाटते ती मला.

आणि तिसरी शेटलंडची, माझी सगळ्यात लाडकी. शेटलंड म्हणजे अगदी उत्तरेची बेटं, तिथले फिडलर टॉम अँडरसन यांनी १९६९ च्या जानेवारीत ही केली. रात्री अकरा वाजून गेलेले, ते आपल्या जुन्या गावाकडून, एशानेसहून परत निघाले होते, टेकडीवरून मागे वळून बघितलं तर लहानपणी जेवढे दिवे दिसायचे तेवढे आता नव्हते, आणि जे होते तेही एकेक करून विझत चालले होते. त्यांची बायकोही नुकतीच गेली होती. धुनीचं नाव डा स्लॉकिट लाइट, विझलेला दिवा. कोकणात ज्यांची घरं बंद पडलीयत, गणपतीपुरती उघडतात, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. हीसुद्धा मेजरमधेच बरं का.

म्हणून नवीन शिकणाऱ्याला माझा पहिला सल्ला हा की धून उचलायच्या आधी ती कोणासाठी केली, कधी केली हे विचारा. इथले शिक्षक वाजवायच्या आधी गोष्ट सांगतात आणि ती नुसती गप्पा म्हणून नसते. सगळं दुःखाचंच असतं असंही नाही हं. धान्याचा तुटवडा म्हणून १७९९ मधे बार्लीची व्हिस्की बनवायला बंदी आली त्यावर गाऊने व्हिस्कीला निरोप देणारी धून केली आणि नंतर तिचं स्वागत करणारीही केली. माणसांच्या आयुष्यात जे जे होतं त्या सगळ्यावर धुनी आहेत.

आता हाताकडे येऊ. हिंदुस्थानी किंवा कर्नाटकी शिकलेल्यांना सगळ्यात आधी ट्यूनिंगचा प्रश्न पडतो. आपण सा-प-सा-प लावतो, इथे जी-डी-ए-ई. पण मजा अशी की जुन्या स्कॉटिश आणि शेटलंडच्या काही धुनी ए-ई-ए-ई असं लावून वाजवतात, म्हणजे चक्क आपलं सा-प-सा-प! मोकळ्या तारा गुंजतात, आवाज एकदम भरून येतो. माझ्या शिक्षकांनी असं लावून दाखवलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. तरी रोजच्यासाठी जी-डी-ए-ई चीच सवय करा कारण ९० टक्के काम त्यातच चालतं. बसणं वेगळं, मांडी घालून पायावर व्हायोलिन टेकवायचं नाही, खुर्चीवर बसून खांद्यावर धरायचं, मान-खांदा सुरुवातीला दुखतो, शोल्डर रेस्ट नीट बसवून घ्या, नवीन व्हायोलिन घ्यायची काही गरज नाही.

रचना आपल्याला सोपी जाते. बहुतेक धुनीत दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा (बार म्हणजे साधारण आपलं आवर्तन) आणि दोनदा वाजवायचा, पहिला खालच्या सुरांत, दुसरा बहुतेक वेळा वर जातो, म्हणजे स्थायी-अंतराच समजा. पुष्कळ धुनींमधे मध्यम-निषाद नसतात किंवा असून नसल्यासारखे, त्यामुळे भूप ओळखीचा वाटतो. ऑल्ड लँग साइन ही तशीच, आणि तिच्यावरून रवींद्रनाथांनी गाणं केलंय हे बऱ्याच जणांना माहीत असेल. काही धुनींत कोमल निषाद येतो, तो बॅगपाइपकडून आलाय, पाइपच्या स्वरांत तो तसाच असतो, आणि सा वरचा वाक्यांश जसाच्या तसा उचलून कोमल नी वर ठेवायचा, परत सा वर यायचं, ही इथली खास सवय. खमाज ऐकलेल्याला स्वर ओळखीचे पण चाल अगदीच वेगळी.

खरी कसोटी उजव्या हाताची. नील गाऊ अठरा वर्षांचा असताना एका स्पर्धेत परीक्षक आंधळे होते आणि ते म्हणाले होते की शंभर वाजवणाऱ्यांत मी नीलचा बो ओळखेन, असं सांगतात. त्याचा वर जाणारा बो खूप जोरकस होता. आपण साधारण खाली ओढताना वजन देतो, इथे स्ट्रॅथस्पे वाजवताना वर ढकलतानाही तेवढंच वजन लागतं. स्ट्रॅथस्पे हा स्पे नदीच्या खोऱ्यातला नाचाचा प्रकार, चार मात्रांचा, आणि त्यात तो प्रसिद्ध स्नॅप येतो, आधी अगदी छोटा सूर आणि लगेच लांब सूर, टाऽऽ-क च्या उलट, त-काऽऽ असा. तो छोटा सूर आळसावला की सगळा जीव जातो. मी हे समजायला आधी टाळ्या वाजवत तोंडाने म्हणायचे, मग नुसत्या मोकळ्या तारेवर बो चालवायचे, मग सूर. तुम्हीही असंच करा, बोटांची घाई नको.

आणि मींड. हे जरा स्पष्टच सांगते, आपल्याकडून येणाऱ्यांचा हात आपोआप सुरावरून सुरावर घसरतो आणि संथ धुनीत तर मोहच होतो. इथे तो आवरा. इथली सजावट कण स्वरांची, म्हणजे बोटाचा चटकन एक टिचका, किंवा बोने एकाच सुरावर तीन पटापट छोटे झटके ज्याला बर्ल म्हणतात. कंपनही जपून. गाऊच्या त्या लॅमेंटमधे मींड भरली तर ती गोड होते पण त्या म्हाताऱ्याची राहत नाही. सूर सरळ धरा, बोचा दाब वाक्याच्या मधे थोडा वाढवा, शेवटी सोडा. भावना हवी तर ती या दाबात ठेवा.

नोटेशन येत असेल तर चांगलंच, पण त्यावर विसंबू नका. इथे क्लासमधे आजही वाक्य-वाक्य करत कानाने शिकवतात, शिक्षक वाजवणार, तुम्ही मागून, अगदी आपल्या तालमीसारखं, त्यामुळे आपले लोक या बाबतीत वेस्टर्न क्लासिकल शिकलेल्यांपेक्षा लवकर पुढे जातात हे मी बघितलंय. घरी ऐकायला टोबर अन डुअलखस नावाचं फुकट ऑनलाइन भांडार आहे, त्यात एडिनबरा विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने १९५१ पासून गावोगाव जाऊन केलेली रेकॉर्डिंग आहेत, स्वयंपाकघरात बसून वाजवणारे म्हातारे, मागे खोकल्याचा आवाज. स्टुडिओतल्या चकचकीत अल्बमच्या आधी हे ऐका. मग अ‍ॅली बेन ऐका, ते टॉम अँडरसनचेच शिष्य, आणि अलास्डेर फ्रेझर ऐका. कॅनडातल्या केप ब्रेटनचंही ऐका, हायलंडमधून लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं तेव्हा ते फिडल घेऊन तिकडे गेले, आणि तिथली वाजवायची पद्धत नाचाला अगदी चिकटून राहिलीय.

नाच शिका हो, हे मी सगळ्यांना सांगते. केलीला जा, केली म्हणजे गाणं-बजावणं-नाचाचा कार्यक्रम, पावलं येत नसली तरी कोणीतरी हात धरून ओढतंच. रील म्हणजे इथली जलद नाचाची धून, तिच्यावर स्वतः घामाघूम झाल्याशिवाय रीलचा वेग बोमधे येत नाही. आणि मग लक्षात येतं की हे लोक विलाप वाजवून झाला की थेट रीलवर का जातात. त्यांना दुःखावरच मैफल संपवायची नसते.

सेशनचं थोडं. पबमधे संध्याकाळी वाजवणारे गोल करून बसतात, एडिनबरात फॉरेस्ट रोडवरचं सँडी बेल्स त्यासाठी प्रसिद्ध आहे. साधारण आपल्या भजनी मंडळासारखं समजा, स्टेज नाही, तिकीट नाही, ज्याला येतं तो सामील होतो. सुरुवातीला व्हायोलिन पेटीतच ठेवून नुसतं ऐका. दारू घ्यायलाच हवी असं काही नाही, मी लिंबू सोडा घेते आणि कोणी भुवई उंचावत नाही. बसायच्या आधी विचारा, ओळखीची धून आली तरच वाजवा, न येणाऱ्या धुनीत सूर चाचपत बसू नका, आणि परवानगीशिवाय मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. एक धून दोन-तीनदा झाली की न थांबता दुसरी सुरू होते, तेव्हा हरवलात तरी घाबरू नका, बो खाली ठेवा आणि पुढच्या धुनीला परत या. कोणीतरी ‘तुझी एक धून सुरू कर’ म्हणेलच एक दिवस, म्हणून एक संथ आणि एक रील कायम तयार ठेवा.

ज्यांना हे पूर्ण वेळ शिकायचंय त्यांच्यासाठी ग्लासगोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉयरमधे पारंपरिक संगीताची पदवी आहे, ऑडिशन असते, परदेशी विद्यार्थ्यांची फी जड आहे, तेव्हा आधी वर्षभर क्लास आणि सेशन करून मगच ठरवा. आयल ऑफ स्कायवर साउल मोर ओस्तेग हे गेलिक कॉलेज आहे, तिथे उन्हाळ्यात छोटे कोर्स होतात, सुट्टी टाकून जाण्यासारखे. भारतात असाल तर गोव्यात किंवा मुंबईत वेस्टर्न व्हायोलिन शिकवणारे शिक्षक सहज मिळतात, त्यांच्याकडून बो आणि बसणं पक्कं करा, धुनी रेकॉर्डिंगवरून उचला, स्पीड कमी करायची अ‍ॅप्स आहेतच.

क्रम विचाराल तर आधी टॉम अँडरसनची ती संथ धून, कारण त्यात बोटांना त्रास नाही आणि सूर सरळ धरायला शिकवते, मग एक सोपी रील, मग स्ट्रॅथस्पे, आणि गाऊचं लॅमेंट मात्र थोडं थांबून घ्या, सुरावरून बोट घसरायचं थांबलं की मग.